लाइन, कोड आणि सिग्नल : टेलिफोनबद्दल वाचकांचे प्रश्न

टेलिफोनच्या जाळ्याविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं न छापता पत्र नाशिक परिसरात कुठून आलं एवढंच दिलं आहे.

आमच्याकडे तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन होता, लाइट गेली तरी चालायचा. आता फायबर घेतलं. नंबर तोच आहे, पण लाइट गेली की फोन मुका. कनेक्शनमध्ये काही चुकलंय का? (सिडको)

काही चुकलेलं नाही. तांब्याच्या लाइनवर फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच दोन तारांवरून येते. एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून ४८ व्होल्ट. रिसीव्हर उचलल्यावर फोन जेमतेम २० ते ५० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे हजारो फोन त्या बॅटरीवर तासन्‌तास तग धरतात. मागे जनरेटर असतो तो वेगळाच. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. कारण तार जमिनीच्या तुलनेत ऋण राहिली, तर ओलाव्यात तांबं कुरतडलं जात नाही.

फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. भिंतीवरच्या ओएनटीच्या डबीला (फायबरमधल्या प्रकाशाचं फोन आणि इंटरनेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या) वीज घरातूनच द्यावी लागते. मधला स्प्लिटर (एका फायबरचे ३२ किंवा ६४ फाटे करणारा) विजेशिवाय चालतो, म्हणून तुमच्या घरी डबी जिवंत राहिली आणि एक्स्चेंजकडच्या यंत्राला बॅटरी असली की फोन लागतो.

उपाय म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. घेण्याआधी ओएनटीच्या ॲडॅप्टरवरचं लिखाण वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर असतं. ५ किंवा ९ व्होल्टचं आउटपुट १२च्या डबीला लावून उपयोग नाही. पिनचं मधलं टोक धन आहे ना, तेही बघा. डबी साधारण १० वॅट खाते. दोन तास हवे असतील तर २० वॅट-तास, आणि रूपांतरात वाया जाणारे धरून ३० तरी घ्या. खोक्यावर ‘१०,००० एमएएच’ छापलेलं असलं तर ते सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेलं असतं. म्हणजे ३७ वॅट-तास. १२ने गुणून १२० धरू नका, फसाल.

आणि फोन कॉर्डलेस असेल तर त्याच्या बेसलाही वीज लागते. तो तांब्याच्या लाइनवरही लाइट गेल्यावर मुकाच व्हायचा. घरात एक साधा वायरचा फोन असू द्या.

पाऊस सुरू झाला की लँडलाइनवर खरखर होते. कधी घंटा एकदाच वाजून थांबते, आणि समोरच्याला म्हणे आमचा फोन सतत एंगेज लागतो. तक्रार केली की ‘केबल फॉल्ट’ एवढंच उत्तर मिळतं. बिघाड नेमका कुठे आहे हे आम्हाला कळू शकतं का? (देवळाली कॅम्प)

बरंचसं कळू शकतं. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं एकाच कारणाची आहेत : दोन तारांमध्ये, किंवा एक तार आणि जमीन यांच्यामध्ये, पाण्यामुळे गळती.

आधी वाट समजून घ्या. एक्स्चेंजमध्ये आल्याआल्या प्रत्येक फोनच्या दोन तारांची जोडी, अशा सगळ्या जोड्या एमडीएफ या मोठ्या लोखंडी चौकटीवर बांधलेल्या असतात. तिथे प्रत्येक जोडीला वीज पडण्यापासून वाचवणारी गॅस भरलेली छोटी नळी असते. तिथून जाडजूड केबल जमिनीखालून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत (तारा जोडायच्या उभ्या पेटीपर्यंत) येते. पिलरपासून लहान केबल खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डीपीपर्यंत (तारा वाटून देणाऱ्या छोट्या पेटीपर्यंत), डीपीत १० किंवा २० जोड्या, आणि तिथून ड्रॉप वायर तुमच्या घरातल्या रोझेटपर्यंत, म्हणजे फोन जोडायच्या भिंतीवरच्या डबीपर्यंत. पाणी यातल्या कुठल्याही सांध्यात शिरू शकतं. सलग केबलमध्ये सहसा नाही : आताच्या केबलमध्ये जेली भरलेली असते, ती पाणी पुढे सरकू देत नाही. जुन्या कागदी इन्सुलेशनच्या केबलमध्ये कोरडी हवा दाबाने भरून ठेवावी लागे, कारण एक छिद्र पडलं की कागद पाणी शोषत जायचा.

तारा कोरड्या असतील तर त्यांच्यातला रोध मेगओहममध्ये मोजला जातो. तो काही हजार ओहमपर्यंत उतरला की बारीक प्रवाह वाहू लागतो, कमीजास्त होतो, तीच खरखर. घंटा वाजवायला एक्स्चेंज सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पाठवतं. कुणी फोन उचलला की थेट प्रवाह वाहतो आणि घंटा तोडली जाते. गळतीमुळे तसाच प्रवाह वाहिला तर एक्स्चेंजला वाटतं फोन उचलला. म्हणून घंटा एकदाच. गळती आणखी वाढली की एक्स्चेंज धरून चालतं की रिसीव्हर कायमचाच उचललेला आहे, आणि लाइन बाजूला काढून ठेवतं. मग समोरच्याला एंगेज.

आता तपासणी. घरातले सगळे समांतर फोन, कॉर्डलेस, मोडेम आणि त्याचा स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी) काढा. ड्रॉप वायर घरात शिरते तिथल्या पहिल्या रोझेटवर एकच साधा फोन लावा. डायल टोन आल्यावर कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबतो, आणि त्या शांततेत कान द्या. खरखर गेली असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा, बहुतेक खिडकीशेजारच्या किंवा गच्चीवरून ओढलेल्या तुकड्याचा. राहिली असेल तर बाहेरचा.

मल्टिमीटर असेल तर डीसीवर ठेवून फोन खाली असताना दोन तारांत मोजा. ४८ ते ५२ व्होल्ट दिसायला हवेत. रिसीव्हर उचलल्यावर ते ६ ते १२पर्यंत उतरतात. फोन खाली असतानाच ३०–३५ दिसले तर गळती पक्की. शून्य दिसलं तर तार तुटली आहे किंवा दोन्ही तारा चिकटल्या आहेत. मोजताना उघड्या तारांना हात लावू नका. नेमकी तेव्हाच घंटा आली तर ७५ व्होल्टचा झटका चांगलाच जाणवतो.

वेळही टिपून ठेवा, हे फार कामाचं असतं. सर आल्याबरोबर खरखर सुरू आणि ऊन पडल्यावर तासा-दोन तासांत बंद, म्हणजे दोष वरवरचा : ड्रॉप वायरचा सोललेला भाग किंवा झाकण नसलेला डीपी. पाऊस दोन दिवस पडल्यावर सुरू होऊन उघडीप झाल्यावरही चार-पाच दिवस टिकली, तर जमिनीखालच्या सांध्यात पाणी साचलं आहे. खरखरीऐवजी सलग गुणगुण असेल तर एकच तार जमिनीला लागली आहे. जोडीचा तोल गेला की शेजारच्या वीजवाहिनीची ५० हर्ट्‌झची कंपनं ऐकू येतात. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येत असेल तर सांधा करताना दोन जोड्यांच्या तारांची अदलाबदल झालेली असते.

तक्रार लिहिताना ‘फोन खराब’ असं लिहू नका. ‘रोझेटवर एकच फोन लावून पाहिला, खरखर कायम, फोन खाली असताना ३२ व्होल्ट, पाऊस थांबल्यावर चार दिवस टिकते’ असं लिहा. लाइनमन घरी येण्याऐवजी सरळ पिलरवर जाईल. तिथे जोडी दोन्हीकडून सोडवून एकेक बाजू मोजली की दोष कुठल्या टप्प्यात आहे ते पाच मिनिटांत कळतं. पिलरपर्यंतची जोडी खराब निघाली तर सांधा खोदण्यापेक्षा शिल्लक चांगली जोडी देणं सोपं, आणि बहुतेक वेळा तेच केलं जातं. शिल्लक जोड्या संपल्या की मात्र खोदकामाला पर्याय नसतो.

सातपूरहून देवळालीला थेट सात आकडे फिरवले की लागतो. ओझरला मात्र ०२५५० लावावा लागतो, आणि सिन्नरला ०२५५१. ओझर काही फार लांब नाही. हे कोड कुणी, कशावरून ठरवले? (सातपूर, औद्योगिक वसाहत)

अंतरावरून नाही, हद्दीवरून. देशाचे एसडीसीए नावाचे अडीच हजारांहून जास्त तुकडे केले आहेत, आणि एक तुकडा साधारण एका तालुक्याएवढा असतो. प्रत्येकाला स्वतःचा कोड. देवळाली नाशिकच्या तुकड्यात, म्हणून ०२५३. ओझर निफाड तालुक्यात, म्हणून निफाडचा ०२५५०. ओझरच्या विमानतळाला लोक नाशिकचा म्हणतात हे खरं, पण टेलिफोन तालुका बघतो. असे अनेक तुकडे मिळून एक मोठा गट होतो, त्याला एलडीसीए म्हणतात.

कोड आणि नंबर मिळून आकड्यांची संख्या मात्र सगळीकडे सारखी, दहा. नाशिक २५३ आणि पुढे सात आकडे. सिन्नर २५५१ आणि पुढे सहा. पुणे २० आणि पुढे आठ. जिथे फोन जास्त लागणार तिथे कोड आखूड ठेवला म्हणजे नंबर लांब करता येतो. सुरुवातीचं शून्य कोडात धरत नाहीत. ‘हा फोन आपल्या तुकड्याबाहेरचा आहे’ एवढी एक्स्चेंजला दिलेली ती खूण आहे. म्हणून परदेशातून नाशिकला फोन करताना +९१ २५३ असं फिरवतात. तिथे शून्य घातलं तर फोन लागत नाही, आणि कंपन्यांच्या लेटरहेडवर ‘+९१ ०२५३’ छापलेलं मात्र सर्रास दिसतं.

लँडलाइनवरून मोबाइलला १५ जानेवारी २०२१पासून आधी शून्य लावावं लागतं, तेही याच कारणाने. शून्य आलं की पुढे दहा आकडे यायचे आहेत हे एक्स्चेंजला पहिल्या आकड्यालाच कळतं. त्यामुळे मोबाइल आणि स्थानिक नंबर यांची सुरुवात सारखी असली तरी घोळ होत नाही, आणि नवे नंबर द्यायला जागा मोकळी होते.

फायबरवरच्या फोनवर नंबर फिरवल्यानंतर चार-पाच सेकंद काहीच घडत नाही अशी तक्रार दोघांनी लिहिली आहे. तिचं उत्तर इथेच देतो. ओएनटीमध्ये आकड्यांचा नमुना नीट भरलेला नसला की डबीला नंबर संपल्याचं कळत नाही, आणखी आकडा येईल म्हणून ती वाट बघत बसते. नंबरनंतर हॅशचं बटण दाबा, लगेच लागेल.

पुस्तकात सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७ चे (एक्स्चेंजांनी एकमेकांना पाठवायचे) संदेश दिले आहेत, पण फोन लावताना प्रत्यक्षात काय घडतं याचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. एका कॉलचा प्रवास सांगाल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, आडगाव)

नाशिकहून पुण्याला लँडलाइन ते लँडलाइन फोन घेऊ.

रिसीव्हर उचलला की दोन तारांचं वर्तुळ पूर्ण होतं, प्रवाह वाहतो, एक्स्चेंजमधलं लाइन कार्ड (तुमच्या तारा जिथे जोडलेल्या असतात ते) तो ओळखतं आणि ४०० हर्ट्‌झचा डायल टोन देतं. बटण दाबलं की दोन सूर एकदम जातात : ५ दाबलं तर ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ. माणसाच्या आवाजात नेमके हे दोन सूर एकदम सहसा निघत नाहीत, म्हणून दोन घेतले. आवाज लाइन कार्डवरच आकड्यांत बदलतो. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक ८ बिटचा, म्हणजे ६४ किलोबिट. असे ३२ कप्पे एकत्र केले की २.०४८ मेगाबिटची ई-वन. त्यातला शून्यावा कप्पा ताळमेळासाठी, सोळावा बहुधा सिग्नलिंगसाठी. बोलण्यासाठी ३० उरतात.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी नंबर, एंगेज, ‘उचलला’, ‘ठेवला’ या सगळ्या खुणा ज्या वाटेवरून बोलणं जायचं तिच्यावरूनच सुरांच्या रूपात जायच्या. अमेरिकेत २६०० हर्ट्‌झचा सूर म्हणजे ‘ट्रंक (दोन एक्स्चेंजांमधली लाइन) मोकळी’ अशी खूण होती, तर लोक तोच सूर रिसीव्हरमध्ये वाजवून फुकट फोन करायचे. क्रमांक ७ मध्ये बोलण्याची वाट आणि हुकमांची वाट वेगळी केली. बोलणं एका वाटेने, संदेश दुसऱ्या.

नाशिकचं एक्स्चेंज ०२० बघून मार्ग ठरवतं, ट्रंक एक्स्चेंजकडे जाणाऱ्या कप्प्यांपैकी एक मोकळा कप्पा राखतं आणि पहिला संदेश पाठवतं, आयएएम. त्यात कुणाला, कुणाकडून आणि कुठला कप्पा राखला त्याचा क्रमांक असतो. हा संदेश ५० बाइटच्या आसपास धरला तर ६४ किलोबिटच्या लिंकवर (संदेशांच्या वाटेवर) त्याला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. ट्रंक एक्स्चेंज तसाच आयएएम पुढे देतं. पुण्याचं शेवटचं एक्स्चेंज लाइन तपासतं. मोकळी असेल तर घंटा सुरू करतं आणि उलटा संदेश येतो, एसीएम : पत्ता पूर्ण मिळाला. उचलल्यावर एएनएम येतो आणि बिल तिथून सुरू होतं. ठेवल्यावर आरईएल, त्याची पोच आरएलसी, आणि कप्पा मोकळा.

इथे एक बारकावा पुस्तकं घाईत उरकतात. तुम्हाला ऐकू येणारी घंटा पुण्याहून येते, पण एंगेजचा टोन नाशिकचंच एक्स्चेंज वाजवतं. पुण्याची लाइन एंगेज असेल तर आरईएलमध्ये कारण क्रमांक १७ भरून येतो, अख्खी वाट लगेच सोडली जाते आणि तुमचं एक्स्चेंज तुम्हाला टोन ऐकवतं. नुसता एंगेज ऐकवायला पुण्यापर्यंतचा कप्पा अडवायचा नाही, हा हेतू. कारण क्रमांक १ म्हणजे असा नंबरच नाही, १६ म्हणजे नेहमीसारखा फोन ठेवला, १९ म्हणजे वाजला पण उचलला नाही, ३४ म्हणजे मोकळा कप्पा मिळाला नाही. घंटा समोरच्या टोकाकडून येते म्हणूनच कॉलर ट्यून समोरच्याच्या आवडीची ऐकावी लागते!

प्रत्यक्षात काय बिघडतं? सगळ्यात फसवा दोष कप्प्यांच्या क्रमांकाचा. एका एक्स्चेंजने सोळावा कप्पा वगळून १ ते ३० असं मोजलं आणि दुसऱ्याने कप्प्याचाच क्रमांक धरला, तर पहिल्या १५ कप्प्यांवर सगळं ठीक चालतं. पुढच्यांवर फोन लागतो, बिल चालू होतं, आणि बोलणं मुकं किंवा भलत्याच माणसाशी जोडलेलं. संदेश शाबूत असल्याने एकही अलार्म वाजत नाही. ‘अर्धे कॉल मुके’ अशी तक्रार आली की अनुभवी माणूस आधी हेच बघतो. दुसरा दोष, दोन्ही टोकांनी एकाच क्षणी एकच कप्पा उचलणं. त्यावर नियम असा : ज्याचा पॉइंट कोड (संदेशांच्या जाळ्यातला एक्स्चेंजचा क्रमांक) मोठा त्याचा हक्क सम क्रमांकाच्या कप्प्यांवर, दुसऱ्याचा विषमांवर. तिसरा दोष घड्याळाचा. दोन एक्स्चेंजांचा ताळमेळ किंचित सरकला की अधूनमधून एखादी फ्रेम (३२ कप्प्यांचा एक फेरा) गळते किंवा दोनदा वाचली जाते. बोलण्यात बारीक टिक येते, कुणी लक्षही देत नाही, पण फॅक्सचं पान अर्ध्यात तुटतं.

संदेशांचं जाळं कोसळलं तर वाटा मोकळ्या असूनही फोन लागत नाहीत. म्हणून लिंक नेहमी जोडीने टाकतात आणि प्रत्येकीवर निम्म्याहून कमीच भार ठेवतात, एक गेली तर दुसरीला सगळा पेलता यावा. तरी सॉफ्टवेअरपुढे इलाज नसतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं एक स्विच (म्हणजे एक्स्चेंज) बिघाडातून सावरून परत कामाला लागलं. ‘मी परत आलो’ हे कळवणाऱ्या त्याच्या संदेशांनी शेजारची स्विचेस पाडली, त्यांनी उठून त्यांच्या शेजारची. ११४ स्विचेस सुमारे ९ तास अशी पडत-उठत राहिली. कारण होतं प्रोग्रॅममधलं चुकीच्या जागी पडलेलं एक विधान.

आज हेच संदेश बहुतेक ठिकाणी आयपीवरून जातात आणि नव्या जाळ्यात एसआयपी ही इंटरनेटच्या धर्तीची कॉल जोडण्याची पद्धत वापरतात. नावं बदलली, क्रम तोच : इन्व्हाइट, १८० म्हणजे घंटा, २०० म्हणजे उचलला, बाय म्हणजे ठेवला. एंगेजला ४८६.

कुंभमेळ्यात रामकुंडावर मोबाइलला सगळ्या दांड्या दिसतात, तरी फोन लागत नाही. मग त्या दांड्या खोट्या का? (पंचवटी)

दांड्या खऱ्या असतात, पण त्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो तेवढंच सांगतात. तिथे जागा आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसतं.

जागेचा हिशोब एर्लांग या एककात करतात. नाव एका डॅनिश गणितज्ञाचं, त्याचं सूत्र १९१७चं. एक वाट तासभर व्यापली तर एक एर्लांग. समजा ४०० फोन आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येकजण सरासरी तीन मिनिटं बोलतो. तीन मिनिटं म्हणजे तासाचा विसावा भाग, म्हणून एकूण २० एर्लांग. ३० वाटांच्या एका ई-वनवर हा भार टाकला तर १०० पैकी एखाद्याच कॉलला वाट मिळत नाही. आता बोलणं दुप्पट झालं, ४० एर्लांग. नकार दुप्पट होतील असं वाटतं, पण ते १०० पैकी ३० होतात. जाळं असं हळूहळू भरत नाही, एका टप्प्यानंतर एकदम तुंबतं. त्यात ज्याचा लागला नाही तो लगेच पुन्हा लावतो, आणि मागणी आणखी फुगते.

पर्वणीच्या दिवशी गोदाघाटावर एका सेक्टरखाली (टॉवरच्या एका दिशेच्या पट्ट्यात) लाखांनी माणसं असतात. टू-जीच्या एका कॅरिअरवर (रेडिओ वाहिनीवर) ८ कप्पे. चार कॅरिअर असले तरी नियंत्रणाचे वगळून तिशीच्या आतबाहेर. फोर-जीत बोलणं डेटातूनच जातं, पण हवेतली जागा तिथेही मोजकीच, आणि फोन लावण्याची परवानगी मागणारे इवलेसे संदेशच आधी एकमेकांवर आदळतात. गाडीवरचे तात्पुरते टॉवर उभे करून सेक्टर लहान करणं हाच त्यावर खरा उपाय. २०२७च्या पर्वण्यांनाही तेच करावं लागेल.

तुमच्या हातात असलेलं : एसएमएस पाठवा, तो बोलण्याचा कप्पा घेत नाही आणि अडला तर जाळं स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं. फोन लागला नाही तर निदान अर्धा मिनिट थांबा. ताटातूट झाल्यास कुठे भेटायचं ते घाटावर उतरण्यापूर्वी ठरवा. व्हिडिओ कॉल करून घरच्यांना दर्शन घडवण्याचा मोह त्या दोन तासांत टाळलेला बरा.

ऑफिसच्या ईपीएबीएक्सवरून बँकेला फोन केला की ‘मराठीसाठी १ दाबा’ म्हणतात, आम्ही दाबतो, त्यांना कळतच नाही. मोबाइलवरून मात्र चालतं. (अंबड)

तीन ठिकाणी बघा. फोनच्या खालच्या बाजूला किंवा कडेला ‘टोन/पल्स’ खटका असतो. पल्सवर असेल तर सूर निघतच नाही, नुसते खटके जातात. तो ठीक असेल तर ईपीएबीएक्समध्ये (ऑफिसच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये) कॉल जोडल्यानंतर आकडे पुढे पाठवायची मुभा बंद असू शकते. आणि लाइन एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी, असेल, तर बहुतेक कोडेकचा दोष. जी-७२९ हा कोडेक बोलणं दाबून ८ किलोबिटमध्ये बसवतो. माणसाचा आवाज त्यातून बरा येतो, दोन सुरांची बटणं मात्र वाकडी होतात. विक्रेत्याला सांगून बटणं ‘आरएफसी २८३३’ पद्धतीने, म्हणजे आवाजात न मिसळता वेगळ्या पॅकेटने पाठवायला लावा. दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. एकीकडे ही आणि दुसरीकडे आवाजातून, असं झालं तर एकच बटण दोनदा लागतं.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, मग लँडलाइनचा का नाही? (इंदिरानगर)

मोबाइलच्या नंबरात जागा लिहिलेली नाही. फोन लावताना तुमची कंपनी एका सामायिक यादीत बघते, हा नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि तिथे पाठवते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११पासून आहे. लँडलाइनच्या नंबरातच तालुका आणि कंपनी बांधलेली आहे. नाशिकचा २ने सुरू होणारा नंबर म्हणजे बीएसएनएलचा. यादी करणं तंत्राला अवघड नाही, पण आपल्याकडे तशी व्यवस्था लागू केलेली नाही.

+९१चा साधा मोबाइल नंबर दिसतो, फोन उचलला तर पोलीस असल्याचं सांगून धमकावतात. नंतर तोच नंबर लावला तर भलताच गरीब माणूस उचलतो. नंबर खोटा कसा दाखवता येतो? (नाशिकरोड)

वर आयएएम संदेश सांगितला, त्यातला ‘कुणाकडून’ हा रकाना पाठवणारं एक्स्चेंज भरतं. ही पद्धत बनली तेव्हा जाळ्यात मोजक्या सरकारी नाहीतर मोठ्या कंपन्या होत्या आणि एकाने भरलेलं दुसरा विनातपास मानायचा. आता इंटरनेटवरून परदेशी गेटवेमध्ये (इंटरनेटवरचे कॉल फोनच्या जाळ्यात सोडणाऱ्या यंत्रात) कुणीही कॉल घालू शकतो आणि रकान्यात हवं ते लिहू शकतो. ऑक्टोबर २०२४पासून बाहेरून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली आहे. अशा कॉलसाठी तो नंबर खरोखर परदेशात रोमिंगवर आहे का, हे तपासता येतं. देशातूनच बेकायदा सिमकार्डांच्या पेट्या वापरून केलेले कॉल मात्र या चाळणीत सापडत नाहीत.

दिसणाऱ्या नंबरावर विश्वास टाकू नका. फोन ठेवा आणि बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा नंबर स्वतः शोधून लावा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०. पैसे गेले नसतील, नुसताच संशयास्पद फोन असेल, तर संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षु’मध्ये नोंद करा.

वाड्यात जुना गोल डायलचा काळा फोन सापडला. फायबरच्या डबीला लावला तर चालेल का? (भद्रकाली)

ऐकायला आणि बोलायला बहुधा चालेल, नंबर फिरवायला बहुधा नाही. डायल परत फिरताना लाइन तुटते आणि जुळते, सेकंदाला १० वेळा. ३ला तीन खटके, ०ला दहा. तांब्याच्या एक्स्चेंजना ही भाषा समजायची, ओएनटीच्या डब्यांपैकी बऱ्याचजणींना फक्त सूर समजतात. डायल फिरवल्यावरही डायल टोन तसाच चालू राहिला तर तुमची डबी त्यातली आहे असं समजा. खटक्यांचे सूर करून देणारा छोटा कन्व्हर्टर फोन आणि डबी यांच्यामध्ये बसवता येतो.

घंटेचंही बघा. जुन्या फोनची पितळी घंटा आजच्या फोनपेक्षा बराच जास्त प्रवाह मागते, आणि डबीची ताकद मोजकीच. घंटा नुसती थरथरली तर त्या लाइनवरचे बाकीचे फोन काढून हा एकटाच लावून बघा. फोनमध्ये ती घट्ट-सैल करण्यासाठी स्प्रिंग असेल तर तीही थोडी सैल करा. उघडण्यापूर्वी लाइन काढायला विसरू नका.